दिवाळीचा किल्ला सांगण्याच्या दोन तऱ्हा

दिवाळीचा किल्ला एकट्याने होत नाही. वाडीतली पाच-सात मुले जमतात, थोरला जागा ठरवतो, दोघे घमेल्यातून तांबडी माती आणतात, कोणी बांधावरचे दगड उचलतो, कोणाच्या घरून जुनी गोणपाटे येतात, आणि पाणी आणण्याचे व अळीव पेरण्याचे काम धाकट्यांच्या वाट्याला जाते. महाड तालुक्यात रायगडाच्या वाटेवर असलेल्या नाते, कोंझर, पाचाड या गावांत दिवाळी भातकापणीच्या धांदलीला लागूनच येते. मोठी माणसे शेतावर गुंतलेली असतात, त्यामुळे किल्ल्यात त्यांची लुडबुड कमी. दगडांचा ढीग रचून त्यावर चिखलाच्या राड्यात बुडवलेली गोणपाटे पसरली की डोंगराला सुरकुत्या पडतात. पुढे त्यांनाच कडे आणि घळी म्हणायचे. माती ओली असतानाच अळीव टाकला तर चार-पाच दिवसांत हिरवळ धरते. परतीचा पाऊस लांबला तर हिरवळ दाट येते, पण बुरूज खचतात.

धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत घरी येणारा पाहुणा अंगणात थबकतो, आणि मग कोणा एकाला किल्ला सांगावा लागतो. हे सांगणे कसे असावे याबद्दल दोन मते आहेत. शाळा आणि मंडळे भरवतात त्या किल्ले स्पर्धांमुळे ती अधिक ठळक झाली आहेत, कारण तिथे बांधणीइतकेच सांगण्यालाही गुण असतात. एका मताप्रमाणे किल्ला हा इतिहासाचा पाठ आहे आणि तो गांभीर्यानेच सांगितला पाहिजे. दुसऱ्या मताप्रमाणे तो मुलांचा खेळ आहे; बांधताना जे घडले तीच त्याची खरी गोष्ट. पुढील संवादात ही मते दोन कल्पित व्यक्तींच्या तोंडी घातली आहेत. एक नाते येथे राहणारे निवृत्त शिक्षक, दुसरी त्यांची भाची. ती पुण्यात संगणकावरच्या खेळांसाठी कथा लिहिते आणि दिवाळीला आजोळी आली आहे.

मामा : अगं, पोरांनी रायगड केला असेल तर रायगडच सांगायला हवा. १६५६ साली महाराजांनी जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी घेतली, हिरोजी इंदुलकरांनी गड बांधला, ६ जून १६७४ला राज्याभिषेक झाला. एवढं तोंडपाठ असलं की चार माणसांसमोर पोर अडखळत नाही.

भाची : अडखळत नाही हे खरं. पण मामा, ते समोरच्या किल्ल्याबद्दल बोलतच नाही. या किल्ल्याचा महादरवाजा डावीकडे आहे, कारण उजवीकडे नळ आहे. राजसदरेच्या खाली एक क्रिकेटवाला उभा आहे. पाठ म्हणताना ते पोर त्याच्याकडे चुकूनही बघत नाही.

मामा : क्रिकेटवाला काढूनच टाकायला हवा.

भाची : तो सगळ्यांत धाकट्यानं ठेवलाय. अख्ख्या किल्ल्यात त्याचा तेवढाच वाटा आहे.

हा वाद दिसतो तेवढा किरकोळ नाही. बाजारात मिळणारी मातीची चित्रे एका मापाची नसतात. सिंहासनावरचे महाराज वीतभर, मावळे चार बोटे, गवळण मावळ्याच्या दीडपट, वाघ जवळजवळ हत्तीएवढा. त्यांत गेल्या वर्षीची हात मोडलेली चित्रे आणि खेळण्यांच्या डब्यातून निघालेले बंदूकवाले शिपाई मिसळतात. एकाच मुलाने किल्ला केला तर ही विसंगती त्याला निवडून काढता येते. पाच जणांच्या किल्ल्यात ती काढायची म्हणजे कोणाचा तरी वाटा काढायचा. मग सांगणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात : तिच्याकडे पाहायचे नाही, किंवा तिला गोष्टीत जागा करून द्यायची. तोंडपाठ माहिती पहिल्या मार्गाने जाते. दुसरा मार्ग धरणारा मुलगा बेधडक सांगतो की हा गडी टेहळणीवर आहे, दांडपट्टा शिल्लक नव्हता म्हणून त्याला बॅट दिली.

दोन्ही तऱ्हांची भाषा कानाला लगेच वेगळी लागते. पहिलीत वाक्ये लांब, क्रियापदे भूतकाळी, कर्ता बहुधा महाराज. बोलणारा मुलगा वाक्यात कुठेच नसतो. आवाज एकाच पट्टीत चढलेला असतो आणि श्वास घेतला जातो तो सनावळीपाशी. मध्येच कोणी प्रश्न विचारला तर त्याला पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरुवात करावी लागते. दुसरीत वर्तमानकाळ येतो : शत्रू इथून येतो, इथे त्याला अडवतात, ही चोरवाट आहे पण कोणाला सांगायचे नाही. ‘आम्ही’ हा शब्दही येतो, आणि त्याच्यामागून भांडणेही येतात, कारण चोरवाट कोणाच्या डोक्यातून निघाली याबद्दल एकमत नसते. पाहुण्याला थांबवून धरण्याची ताकद बहुतेक वेळा या दुसऱ्या तऱ्हेतच असते. मात्र तिच्यातून रायगडाविषयी पाहुण्याला फारसे काही कळत नाही, हा आक्षेप खोडून काढता येत नाही.

या तऱ्हा मुलांनी नव्याने काढलेल्या नाहीत. गडाची गोष्ट मराठीत अनेक सुरांत सांगितली गेली आहे आणि महाड-पोलादपूरच्या टापूत त्यांचे नमुने हाताशी आहेत. रायगडावर जगदीश्वराच्या देवळातला संस्कृत शिलालेख म्हणजे मुख्यतः बांधकामाची यादी आहे : विहिरी, तळी, बागा, रस्ते, स्तंभ, गजशाळा, राजवाडे. चंद्रसूर्य असेपर्यंत हे सारे नांदो, अशी इच्छा त्यात व्यक्त केली आहे. त्याच देवळाच्या पायरीवर हिरोजींचे नाव एका ओळीत कोरलेले आहे, सेवेला तत्पर एवढीच ओळख देऊन. एवढा गड उभारणाऱ्याने स्वतःबद्दल याहून कमी लिहिणे अवघड होते. हिरकणीची गोष्ट याच गडावरची, पण तिचा सूर अगदी निराळा. तान्ह्या मुलाच्या ओढीने रात्री कडा उतरून गेलेली गवळण आणि मग त्या जागी बांधलेला बुरूज, ही आख्यायिका कोणत्याही शिलालेखात नाही; ती लोकांच्या तोंडून आली. गड पाहायला जाणाऱ्याला यादीपेक्षा तीच आधी आठवते.

सिंहगडाचे उदाहरण आणखी बोलके आहे. तानाजी मालुसरे पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचे. त्यांची समाधी तिथे आहे. फेब्रुवारी १६७० मधल्या त्यांच्या सिंहगडावरच्या चढाईच्या रात्रीचे वर्णन दोन जुन्या रचनांत दोन प्रकारे येते. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून बखर लिहिली. तिच्यात ही चढाई मोजक्या वाक्यांत आटोपते. मावळे माकडांसारखे कडा चढून जातात आणि लढाई सुरू होते. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात मुलाच्या लग्नाची तयारी येते, निरोप येतो, घोरपड येते, तिचे माघारी फिरणे येते. या भागातल्या मुलांनी सिंहगड केला तर कड्यावर घोरपड असतेच. खरी मिळत नाही म्हणून प्लास्टिकची पाल चालवून घेतली जाते.

मामा : हेच मी वर्गात सांगायचो. घोरपड पोवाड्यातली आहे, बखरीतली नाही. पोरांना हा फरक कळायला नको का?

भाची : कळू दे की. पण घोरपड उचलून घेऊ नका. सभासद राजाच्या हुकमानं लिहीत होता, वाचणारा दरबारातला. शाहिरासमोर मांडी घालून बसलेली माणसं होती, त्यांना उठू द्यायचं नव्हतं. अंगणातल्या पोरासमोरही माणसंच उभी असतात. ते शाहिराच्या जागी आहे, बखरकाराच्या नाही.

मामा : शाहीरही मनाला येईल ते बोलत नाही हो. डफ कुठे पडायचा, झीलकऱ्यांनी कुठे उचलून धरायचं, सगळं बांधलेलं असतं. पाठांतर त्यालाही चुकलेलं नाही. तू पाठांतराला नावं ठेवतेस, पण पाठ असल्याशिवाय रंग भरत नाही.

भाची : ते मला कबूल आहे. शाहीर पाठ करतो ते ऐकवण्यासाठी बांधलेलं असतं. आपली पोरं पुस्तकातला उतारा पाठ करतात, तो मुळात वाचण्यासाठी लिहिलेला. त्यात डफाला जागाच नाही.

मामांचे म्हणणे इथे वजनदार आहे. उत्स्फूर्त सांगणे ताजे वाटते ते पहिल्या दोन-तीन पाहुण्यांपर्यंत. भाऊबीजेपर्यंत तोच विनोद त्याच जागी येऊ लागतो, आणि मग तेही पाठांतरच होते, फक्त कमी घासलेले. गंभीर सूर कंटाळवाणा आणि गमतीचा सूर जिवंत अशी सरळ वाटणी करता येत नाही. सांगणाऱ्याने ते वाक्य कुठून उचलले आणि समोरच्या मातीशी त्याचा काही संबंध जोडला का, यावर बरेच अवलंबून असते.

अनेकांनी मिळून किल्ला बांधायचा आणि मग त्याची गोष्ट लिहायची, हा प्रकार संगणकावरच्या खेळांतही रुजला आहे. टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या अमेरिकन भावांनी २००६ मध्ये ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’ नावाचा खेळ लोकांसाठी खुला केला. त्यात खेळणारा बुटक्या खाणकऱ्यांच्या एका टोळीला डोंगर पोखरून वस्ती उभारायला लावतो. सुरुवातीची कित्येक वर्षे पडद्यावर चित्रे नव्हतीच. अक्षरे आणि चिन्हे यांतूनच भिंत, झाड, माणूस ओळखायचे. चित्रांची सजवलेली आवृत्ती २०२२ मध्ये आली. या खेळाच्या चाहत्यांनी वारसाहक्काची एक रीत पाडली. एकाने खेळातले एक वर्ष किल्ला चालवायचा, मग आहे तसा तो पुढच्याच्या हाती द्यायचा, आणि प्रत्येकाने आपल्या वर्षाचा वृत्तांत लिहायचा. अशा किल्ल्यांपैकी ‘बोटमर्डर्ड’ हा सर्वांत गाजला. त्यावर हत्तींचे कळप पुन्हा पुन्हा चालून आले, कोणा कारभाऱ्याने बाहेरच्या मैदानावर लाव्हारस सोडण्याची कळ बसवली, आणि शेवटी वस्ती आपल्याच करणीने जळून, वेडाच्या भरात संपली.

या वृत्तांतांतली लक्षात राहणारी गोष्ट म्हणजे सुरांचा तुटकपणा. एक कारभारी कोरड्या सरकारी टिपणासारखे लिहितो, पुढचा आधीच्याच्या नावाने बोटे मोडत सुरुवात करतो, तिसरा भ्रमिष्टासारखा. कोणाचाही सूर मागच्याशी जुळत नाही, आणि कोणी जुळवायलाही जात नाही. किल्ला मात्र तोच असतो : आधीच्याने बांधून ठेवलेली निरुपयोगी भिंत पुढच्याच्या वर्षातही वाटेत येतेच. गोष्ट एकसंध राहते ती त्या भिंतीमुळे, लेखकांमुळे नाही. खेळातले कारागीर भिंतींवर नक्षी कोरतात आणि त्या नक्षीत कधी कधी त्याच किल्ल्यात घडलेले प्रसंग येतात. माणसे विसरली तरी भिंत सांगत राहते, अगदी हत्तीने कोणाला तुडवले हेसुद्धा.

मामा : म्हणजे शेवटी किल्ला घालवायचाच खेळ झाला हा.

भाची : जातोच तो, मामा. हरण्यातच मजा आहे, असं तिथले खेळणारे उघड म्हणतात. कसा गेला तीच गोष्ट. जिंकलेल्या किल्ल्याबद्दल सांगायला फार नसतं. सगळं नीट चाललंय म्हटलं की संपलं.

मामा : आणि राजा? त्याचं काय होतं तुमच्या गोष्टीत?

भाची : त्याची टर सगळ्यांत आधी उडते. खोलीत सोन्याचं टेबल हवं म्हणून हटून बसलेला उमराव असला, की तो कसा मेला हे लोक चवीनं लिहितात.

मामा : इथे नाही चालायचं ते.

भाची : नाही चालायचं, आणि मी चालवणारही नाही.

इथे दोघांचे एकमत होते, आणि दिवाळीच्या किल्ल्याचा विशेषही इथेच सापडतो. त्यावर गंमत चालते, पण सगळीकडे सारखी नाही. पायथ्याशी ती मोकळी असते : गुहेतला वाघ, सलाईनच्या नळीचे कारंजे, आरशाचे तळे आणि त्यात पोहणारे प्लास्टिकचे बदक, एका पायावर उभा भटजी. बाजारपेठेत अजून थोडी चालते. तटाच्या आत गेले की आवाज खाली येतो, आणि सिंहासनापाशी कोणीही विनोद करत नाही. तसे कोणी बजावलेले नसले तरी सगळ्यांत वात्रट मुलगाही तिथे सरळ उभा राहतो. सांगण्याचा सूर किल्ल्याच्या उंचीबरोबर बदलतो. ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’च्या वृत्तांतात लेखक बदलला की सूर बदलतो, दिवाळीच्या किल्ल्यात जागा बदलली की बदलतो. त्यामुळे एकच मुलगा दोन हातांच्या अंतरात दोन तऱ्हांनी बोलू शकतो, आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही.

खऱ्या रायगडाकडे पाहिले तर ही वाटणी परकी वाटत नाही. माथ्यावर राजसदर आणि जगदीश्वर, तिथे राज्याभिषेक आणि समाधी. कडेला हिरकणीचा बुरूज, तिथे गवळण आणि तिचे बाळ. खाली पाचाडला जिजाऊंची समाधी आणि वाडा. शिलालेखाचा सूर माथ्याचा आहे, आख्यायिकेचा कड्याचा. जो सांगणारा हिरकणीची गोष्ट सनावळीच्या पट्टीत म्हणतो किंवा राज्याभिषेक थट्टेच्या सुरात सांगतो, तो दोन्ही बिघडवतो. स्पर्धांमध्ये पहिली चूक सर्रास होते. दुसरी जवळजवळ कधीच होत नाही. म्हणून सुधारायचे झाले तर काम पायथ्याशी आहे.

आणखी एक प्रसंग उरतो, आणि त्याला कोणत्याच तऱ्हेत जागा मिळालेली नाही : किल्ल्याचा शेवट. तुळशीच्या लग्नापर्यंत अळीव पिवळा पडतो, कोंबड्या तट उकरतात, आणि मग काही ठिकाणी मुले उरलेले सुतळी बॉम्ब बुरुजात ठेवून किल्ला उडवतात. तत्पूर्वी चित्रे काढून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरली जातात; सिंहासन सर्वांत आधी, कागदात गुंडाळून.

मामा : ते मला पटत नाही. बांधायचा एवढ्या भक्तीनं आणि उडवायचा बॉम्बनं.

भाची : पण गड असाच गेला ना? मे १८१८मध्ये इंग्रजांनी तोफा लावल्या, आग लागली, वाडे जळाले. आज वर जाऊन आपण बघतो ती बरीचशी जोतीच. पोरांच्या पाठात राज्याभिषेक आहे, पुढचं काहीच नाही. १६८९ला गड मोगलांकडे गेला हेही नाही.

मामा : तो पराभव आहे. सणासुदीला अंगणात तो कशाला सांगायचा?

भाची : सणाला नका सांगू. तुळशीच्या लग्नानंतर सांगा, ज्या दिवशी पोरं किल्ला पाडतात त्या दिवशी. तेव्हा ऐकतील.

मामा : त्या दिवशी पाहुणे नसतात.

भाची : पोरं असतात की.

पडण्याची गोष्ट सांगण्यात संगणकावरचे खेळाडू पुढे आहेत यात शंका नाही, पण त्यांना ते सोपेही जाते. बुटक्या खाणकऱ्यांवर कोणाची श्रद्धा नसते. दिवाळीच्या किल्ल्याला एका खऱ्या गडाचे नाव असते, आणि नाते गावच्या मुलांसाठी तो गड बसमधून दिसतो. पराभवाचा सूर गौरवाच्या सुराइतका घासलेला नसल्याने मुलांकडे त्यासाठी तयार वाक्येच नसतात. शिकवणाऱ्यांकडेही फारशी नसतात. बॉम्ब लावताना मुले ओरडतात, हसतात, मागे पळतात, पण त्याला गोष्टीचे रूप येत नाही. मामांच्या आक्षेपाचा जोर भक्तीवर होता. अडचण खरे तर भाषेची आहे.

सांगण्याची वाटणी कशी करावी, हा प्रश्न त्यामुळे सुरावरच्या वादापेक्षा अधिक उपयोगाचा ठरतो. आज बहुतेक ठिकाणी एकच मुलगा सगळा किल्ला सांगतो, आणि तो बहुधा मोठ्या आवाजाचा असतो, बांधणारा नव्हे. प्रत्येकाने आपण केलेला भाग सांगितला तर पायथा धाकट्यांकडे जातो, कारण गुहा आणि तळे त्यांनीच केलेले असते, तट व दरवाजे मधल्यांकडे, सदर थोरल्याकडे. उंचीप्रमाणे बदलणारा सूर मग आपोआप जुळतो. परीक्षकांनी सर्व मुलांना एकेक प्रश्न विचारला तरी हे साधते. मामा याला तयार आहेत, एका अटीवर : गडाचे नाव, साल आणि बांधणाऱ्याचे नाव प्रत्येकाला आले पाहिजे. भाचीची हरकत नाही.

क्रमावर मात्र त्यांचे जुळत नाही. मामांच्या मते सांगणे माथ्यावरून सुरू व्हावे, म्हणजे महत्त्वाचे आधी येते. भाचीच्या मते ते पायथ्यापासून वर जावे, पाचाडहून चितदरवाजाने गड चढणारा माणूस जातो तसे. हसत निघालेला पाहुणा सदरेपाशी पोहोचेपर्यंत गप्प होतो, आणि उलट क्रमात राज्याभिषेकावरून बदकावर घसरावे लागते. गोष्टीच्या बांधणीचा विचार केला तर भाचीचा क्रम सरस आहे. व्यवहारात तो टिकणे कठीण. फराळाला तीन घरे घ्यायची असलेला पाहुणा अंगणात पाच मिनिटांहून अधिक थांबत नाही, आणि धाकट्याची गुहा तेवढ्यात संपत नाही.